गाडी सध्या आपल्याच वापरात आहे

५ फेब्रुवारी, बुधवार

सरकारी दौऱ्यांची डायरी आयुष्यभर लिहिली. खासगी कधी लिहिली नाही, कारण खासगी असं माझ्याकडे काही नव्हतंच. आता आहे. 'सांझी चाबी' नावाच्या कंपनीशी माझं भांडण जुंपलंय आणि भांडणाला तारीखवार नोंद लागते. लेखापरीक्षणात केस पिकलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको.

प्रकार असा. दिल्लीहून आलेल्या उपमहासंचालकांना आज दुपारी इथला, चंदीगडचा, सुखना तलाव दाखवायचा होता. कार्यालयाची गाडी दुरुस्तीला. मी ऐटीत म्हटलं, सर, माझी मेंबरशिप आहे, मी स्वतः नेतो. आमच्या सेक्टर ३९च्या मार्केटबाहेर सांझी चाबीची पांढरी गाडी उभी असते. ॲपवर ती घ्यायची, फोननेच दार उघडायचं, काम झालं की परत तिथेच आणून लावायची. शेजारपाजारच्या पाचपन्नास लोकांत मिळून एक गाडी. साहेबांना ऑटोत बसवून तिथे आणलं, तर जागा रिकामी. ॲप उघडलं. त्यावर लिहिलेलं, 'गाडी सध्या आपल्याच वापरात आहे.'

मी फुटपाथवर, शेजारी उपमहासंचालक, आणि गाडी माझ्याच वापरात! एका मेंबराला एका वेळी एकच गाडी, म्हणून दुसरीकडची घ्यायचीही सोय नाही. साहेब म्हणाले, "खांबेटेजी, आप गाडी में बैठे हैं और हमें दिख नहीं रहे?" आणि हसले. मीही हसलो. वरिष्ठांच्या विनोदाला हसण्याचा सराव आहे, पण कान तापले होते.

ग्राहक सेवेला फोन लावला. आधी सनई. मग यंत्रातली बाई, तिचं नाव म्हणे 'मैत्री'. हिंदीसाठी एक दाबा, पंजाबीसाठी दोन. गाडीसाठी काय दाबायचं ते काही सांगेना. साहेब शेवटी दुसऱ्या ऑटोने गेले. मनीषाला फोन केला, तिने उचलला नाही. दुपारची झोपते ती. बायको पांघरुणात आणि नवरा रस्त्यावर.

नागपूरहून इथे बदली झाली तेव्हा आमची गाडी मी विकून टाकली. बदलीवाल्याने गाडी बरोबर आणायची म्हणजे ना-हरकत आणा, नवा नंबर घ्या, आणि कागद हातात पडेपर्यंत पुढची बदली. मनीषा म्हणत होती, राहू द्या. मी म्हटलं, तुला काय करायचंय गाडीशी? दोन दिवस बोलली नाही. बायकांना पत्र्याचाही लळा लागतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अखेर आज जिवंत माणूस सापडला. नाव अभिषेक. आवाजावरून पंचविशीतला, प्रत्येक वाक्याला 'जी सर'. त्याने माझ्या नावावरच्या फेऱ्या वाचून दाखवल्या. सेक्टर ३९ ते पिंजौर, म्हणजे शहराबाहेर तासाभराच्या वाटेवरचं गाव, आणि परत. पुन्हा पिंजौर. पुन्हा पिंजौर. सगळ्या कामाच्या दिवशी, दुपारच्या, म्हणजे मी सेक्टर १७च्या कार्यालयात फायलींत मान घालून बसलेलो असताना.

"पिंजौर में मेरा कौन बैठा है?" मी विचारलं.

तो म्हणाला, "सर, चलाने वाले की जानकारी हम फोन पर नहीं दे सकते, प्राइवेसी है. आप एक बार घर में पूछ लीजिए."

घर में! यांच्या यंत्रात खोट आणि झडती माझ्या घराची. मी विचारलं, तुझं लग्न झालंय का? नाही म्हणाला. म्हटलं, मग दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस. फोन ठेवल्यावर फार बरं वाटलं.

जेवताना मनीषाला गंमत म्हणून विचारलं, "काय गं, पिंजौरला गाडी घेऊन तू जातेस काय?"

ती आमटी वाढत होती. म्हणाली, "हो. मीच जाते."

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. तिने पाण्याचा पेला पुढे केला. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा हा पहिलाच विनोद आणि तोसुद्धा चेहरा सरळ ठेवून.

हसण्याचं कारण लिहून ठेवतो. जबलपूरला असताना तिने मला न सांगता कार्यालयाच्या ड्रायव्हरकडून गाडी शिकून घेतली. लायसन्सही काढलं. मग एका सकाळी मला दाखवायला म्हणून एकटी बाहेर पडली आणि परत येताना क्वार्टरच्या फाटकाचा खांबच घेतला. खांबावर माझी पाटी होती, 'बा. ग. खांबेटे'. मधोमध तडकली. ती पाटी मी टाकली नाही. प्रत्येक बदलीच्या गावी दिवाणखान्यात टांगतो, खाली माझ्या अक्षरात लिहिलेलं, 'मनीषाची पहिली आणि शेवटची शिकार'. पाहुणे आले की विषय आपोआप निघतो, काही करावं लागत नाही.

सांझी चाबीच्या फॉर्ममध्ये दुसऱ्या चालकाचं लायसन्स भरल्याशिवाय पान पुढे सरकेना, तेव्हा तिचं शोभेचं लायसन्स कामी आलं. फॉर्म तिनेच भरला. ओटीपीही तिच्याच फोनवर येतो, मला मीटिंगमध्ये ती टिंगटिंग नको असते. मी फक्त 'मान्य' दाबलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

शिरा खायची लहर आली. मोठी कढई सापडेना. मनीषा म्हणाली, "खोक्यात असेल."

आमच्या घरात हे वाक्य लग्नाइतकंच जुनं. दर बदलीला पॅकिंग तिचं. खोक्यांवर आकडे मी घालतो, आत काय ते तिला माहीत. नव्या गावी निम्मी खोकी उघडतात, निम्मी मागच्या खोलीत तशीच बसतात आणि पुढच्या बदलीला तशीच चढतात. मिळत नसलेली प्रत्येक वस्तू खोक्यात असते. माझा एक कोट भोपाळपासून खोक्यात आहे.

पण दोन वर्षं रोज वापरातली कढई खोक्यात कशी जाईल, असं मी विचारलं. म्हणाली, "आवरायला घेतलंय थोडं थोडं." चला, देर से सही. मागच्या खोलीत डोकावलो, तर खरंच बरीच जागा मोकळी झालीय. शाबासकी दिली. म्हटलं, हे दोन वर्षांपूर्वी केलं असतंस तर मला माझा कोट मिळाला असता.

कंपनीकडून उत्तर नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वा! सांझी चाबीने आज मला प्रशस्तिपत्रक पाठवलं. 'महिन्याचे सर्वांत सुरक्षित चालक : श्री. बा. ग. खांबेटे.' एकदाही जोराचा ब्रेक नाही, एकदाही वेगमर्यादा ओलांडलेली नाही, गाडी लावताना कुठे ओरखडा नाही. यंत्र सगळं टिपतं म्हणे. मी या महिन्यात फक्त एकदा गाडी नेली, भाजीच्या मंडीपर्यंत, आणि येताना एका स्कूटरवाल्याशी बाचाबाचीही झाली, पण जातिवंत हात कुठे लपतो? कार्यालयातून रंगीत छापून आणलं आणि तडकलेल्या पाटीच्या शेजारी लावलं. एकाच भिंतीवर दोघांची गाडी चालवायची पद्धत.

मनीषा बराच वेळ त्या कागदासमोर उभी होती. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी म्हटलं, आता तरी पटलं ना? तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "हो, पटलं."

नवऱ्याचं कौतुक अजून आहे म्हणायचं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज महाशिवरात्रीची सुटी, मनीषाला विचारलं, तुझी ती आसावरी पिंजौरलाच राहते ना? महाराष्ट्र मंडळाच्या भिशीतली. नवरा गेल्यापासून पाळणाघर चालवते आणि तेव्हापासून भलतीच टवटवीत दिसते. म्हटलं, तिला सांग, पांढऱ्या गाडीवर लक्ष ठेव. चोर तिच्याच गावात फिरतोय.

"सांगते," म्हणाली. साबुदाणा परतता परतता पुढे म्हणाली, "तिला दिसते म्हणे कधी कधी. तिच्याच दारात लागते."

"मग चालवणारा कोण आहे ते बघायला काय होतं तिला?"

"बघते ना. म्हणाली, फार जपून चालवतात."

असल्या बाईच्या हाती मुलं सोपवतात लोक. चोराच्या गाडी चालवण्याचं कौतुक!

४ मार्च, मंगळवार

कंपनीच्या सेक्टर १७मधल्या कार्यालयात स्वतः गेलो. कार्यालय कसलं, कपड्यांच्या दुकानावरची एक खोली. आत एक टेबल, त्यावर टॅब्लेट आणि टॅब्लेटमध्ये पुन्हा तीच 'मैत्री'. मी ज्या शहरांत हिशेब तपासले तिथले बाबू निदान समोर बसून छळायचे. इथे शिव्या द्यायलाही तोंड नाही.

खाली येऊन अभिषेकला फोन लावला आणि मनातलं सगळं त्याच्यावर ओतलं. तुझ्या बापाने तुला हेच शिकवलं का, इथपर्यंत गेलो. तोही मग चिडला. त्याचे शब्द इथे जसेच्या तसे लिहून ठेवतो, उद्या लागतील. "सर, रोज रोज वही बात! आपकी गाड़ी आपके घर वाले ही चला रहे हैं. कोई चोर-वोर नहीं है. अब लिख लीजिए मेरी शिकायत."

लिहिली. पानभर लिहिली. एका राजपत्रित अधिकाऱ्याच्या कुटुंबावर आळ, अर्वाच्य भाषा, कंपनीच्या वरिष्ठांनी याची काय दखल घेतली ते लेखी कळवावं, अन्यथा ग्राहक मंच. प्रती कुणाकुणाला दिल्या ते बघूनच त्यांचे पाय लटपटतील. अशी पत्रं लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या खात्यात कुणी नाही.

१० मार्च, सोमवार

गेला! कंपनीचं पत्र आलं, संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी केलंय, आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. माझं प्रकरण आता तक्रार निवारण अधिकारी सौमित्र यांच्याकडे.

चहा घेताना मनीषाला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या मुलाची काय चूक होती?"

"चूक नाही? तुझ्यावर संशय घेत होता तो. तुझ्या इज्जतीसाठी भांडलो मी."

"माझ्यासाठी नका भांडू," म्हणाली. "त्याला परत घ्यायला सांगा."

मी तिला समजावलं की सरकारी असो की खासगी, एक डोकं उडालं की बाकीची ताठ होतात. तिने कप तसाच टेबलावर ठेवला आणि मागच्या खोलीत गेली. आवरत असावी. आताशा तिथेच असते.

१४ मार्च, शुक्रवार

होळी. कार्यालयातली मंडळी सहकुटुंब आली होती. गुजिया, भजी, सगळं झालं. पाटीचा विषय निघाला. नवीन आलेल्या शर्मांना गोष्ट माहीत नव्हती, म्हणून सगळी रंगवून सांगितली. खांब कसा वाकला, मॅडम गाडीतून उतरून कशा रडल्या, मी पाटीचे तुकडे गोळा करून त्यांच्या हातात कसे दिले. लोक पोट धरधरून हसले. मग मनीषाला पाटी हातात धरायला लावून उभं केलं आणि फोटो काढला, तोंडाला रंग, हातात पाटी. आरोपीसारखा फोटो छान आला. सगळे हसताहेत, ती एकटी कॅमेऱ्याकडे बघतेय.

मिसेस शर्मा जाताना तिचा हात धरून काहीतरी बोलल्या. काय ते मी विचारलं नाही.

१९ मार्च, बुधवार

बदलीची ऑर्डर आली. शिलाँग. एप्रिलअखेर हजर व्हायचं. डोंगराळ भाग, पण पद वरचं. घरी येऊन जाहीर केलं आणि मनीषाला म्हटलं, लाग कामाला, पॅकिंग सुरू कर.

"सुरूच आहे," म्हणाली. "माझं होत आलंय."

हा एक गुण मान्य करायला हवा. सांगायच्या आधी ओळखते.

रेवाला पुण्याला व्हिडिओ कॉल केला. पोरगी इतक्या गावांत वाढली की मराठी कळतं पण उत्तर हिंदीत. शिलाँगचं सांगितलं, तर म्हणते, "बाबा, आपने मम्मी से पूछा?" म्हटलं, बदली माझी झालीय, तिला कशाला विचारायचं? मग सांझी चाबीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छोड़ दो ना बाबा ये गाड़ी वाली बात. प्लीज. थोड़े दिन की तो बात है." थोड्या दिवसांची कशी? मेंबरशिप तर वर्षभराची आहे.

२५ मार्च, मंगळवार

सौमित्र हा माणूस कामाचा. शांत, नेमका, मध्ये न बोलणारा. त्याने उपाय काढला. गाडी धावत असताना ती कुठे आहे ते दाखवणारा नकाशा आजपासून माझ्या ॲपवर सुरू करून दिला. पुढच्या वेळी माझ्या नावावर गाडी निघाली की मी फक्त फोन करायचा. गाडी सिग्नलला किंवा कडेला थांबली की ते लांबूनच तिचं इंजिन बंद पाडणार. पुन्हा सुरू होणार नाही. मग त्यांचा माणूस जाऊन चोराला हातोहात धरेल. फक्त माझी तोंडी कबुली लागेल आणि ती रेकॉर्ड होईल.

मला लहान मुलासारखा आनंद झाला. उंदराचा पिंजरा लावताना वडील मला शेजारी बसवायचे, त्याची आठवण झाली.

२८ मार्च, शुक्रवार

सापडला!

सगळं ताजं आहे तोवर लिहून काढतो. दुपारी कार्यालयात ॲप उघडून बसलो होतो. जेवणाच्या सुट्टीनंतर गाडी हलली. नकाशावर ठिपका सेक्टर ३९मधून निघाला आणि सरळ पिंजौरच्या वाटेला लागला. सौमित्रला फोन केला.

त्याने रीतसर विचारलं, "सर, गाड़ी आपके पास है?"

"नहीं."

"सर, रिकॉर्ड में दूसरी ड्राइवर मनीषा जी हैं. कहीं वो तो नहीं चला रहीं?"

मला हसू आवरेना. "मेरी बीवी? उसको गाडी नहीं आती. सबूत दीवार पर टंगा है. उसका नाम काट ही दो वहाँ से."

"मतलब उस गाड़ी में आपके परिवार का कोई नहीं है?"

"मेरा कोई नहीं है उस गाडी में."

"पक्का, सर?"

"पक्का. बंद करो."

मग चहा मागवला आणि बघत बसलो. पिंजौर अगदी जवळ आलं होतं. ठिपका थांबला. फाटक किंवा सिग्नल असेल. मग तो हललाच नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून त्या हरामखोराला नकोसं केलं असेल, तो किल्ली फिरवत असेल, कपाळ पुसत असेल, असं सगळं डोळ्यांपुढे आलं. अनेक वर्षांत इतकं सुख मिळालं नव्हतं.

हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. मनीषाला फोन केला. आज चक्क उचलला. म्हटलं, "पकडला! तुझ्या पिंजौरच्या रस्त्यावर बंद पाडली गाडी. इथे खुर्चीत बसून!"

तिच्या बाजूला हॉर्नचा गदारोळ होता. भाजीला गेली असावी. मग म्हणाली, "तुम्ही बंद केलीत?"

"मीच. दुसरं कोण करणार?"

"बरं झालं. थोडं मन मागे ओढत होतं, तेही सुटलं." पुढे काहीतरी म्हणाली ते हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मोठ्याने बोल. तेव्हा म्हणाली, "ठेवते."

तासाभराने सौमित्रचा फोन. त्यांचा माणूस पोचला तेव्हा गाडी रिकामी होती. लोक म्हणाले, एक मॅडम होत्या, उतरल्या आणि मागून आलेल्या, पिंजौरवरून जाणाऱ्या कालक्याच्या बसमध्ये चढल्या. "सर, पिछली सीट पर एक लोहे का ट्रंक है. उस पर आपका नाम लिखा है. पद भी."

आमच्या सगळ्या ट्रंकांवर काळ्या रंगात माझं नाव आणि हुद्दा आहे, बदलीत हरवू नये म्हणून. म्हणजे घरही फोडलंय! मी तसाच घरी निघालो.

कुलूप शाबूत होतं. माझ्या कपाटात सगळे शर्ट इस्त्री करून, रंगाप्रमाणे लावलेले. भोपाळपासून हरवलेला कोट पहिल्याच हँगरवर. फ्रीजमध्ये डब्यांत भाजी, डब्यांवर वारांची नावं. मागची खोली झाडून पुसून स्वच्छ. तिथे माझी तेवढी खोकी उरली आहेत, सुतळी बांधून, आकडा माझा आणि खाली तिच्या अक्षरात आत काय आहे ते.

तिची साडी नाही, चप्पल नाही, कंगवासुद्धा नाही. चिठ्ठीही नाही. भिंतीवर पाटी तशीच. प्रशस्तिपत्रक मात्र नाही, चार टाचण्या राहिल्या आहेत.

पोलिसांना फोन करायला घेतला. पण चोरीला काय गेलं म्हणून सांगू?

३० मार्च, रविवार

पाडवा. ट्रंक काल कंपनीने घरपोच दिली, पोच घेतली माझी. कुलूप नव्हतं. तिच्या आईच्या गोधड्या, रेवाची बाळंतविडा म्हणून शिवलेली झबली, तिच्या वडिलांचा फोटो. तिने शेवटपर्यंत मागे ठेवलेलं आणि शेवटी न्यायला काढलेलं ते हे. ते माझ्याकडे राहिलं. तळाशी गुढीचा तांब्या, जरीची साडी आणि साखरेच्या गाठीची पुडी. गाठी आणून ठेवली होती तिने, म्हणजे पाडवा तिथे करणार होती.

सकाळी काठी घेऊन बाल्कनीत उभा राहिलो. साडीच्या निऱ्या काठीला कशा बांधतात ते मला येत नाही. दोनदा घसरून खाली पडली. समोरच्या बाल्कनीतले सरदारजी बघत होते, म्हणाले, "भाभीजी नहीं हैं?" म्हटलं, माहेरी गेलीय. तिचं माहेर उरलेलंच नाही हे त्यांना कुठे माहीत. गुढी उभारली नाही.

तिचा फोन बंद आहे.

रेवाला फोन केला. कुठे आहे तुझी आई? म्हणाली, "ठीक हैं. पढ़ा रही हैं बच्चों को. पता मैं नहीं बताऊँगी, बाबा." मी ओरडलो. ती म्हणाली, "उनको उस रोड पर आपने रोका ना? सब लोग हॉर्न मार रहे थे, वो ट्रंक उठा नहीं पाईं अकेले." आणि प्रथमच मराठीत म्हणाली, "बाबा, पुरे."

१ एप्रिल, मंगळवार

आसावरीचं आडनाव मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. मंडळात विचारायचं म्हणजे बोभाटा. होळीला हसलेले सगळे तोंडावर सहानुभूती घेऊन दारात येतील. पिंजौरला बसने जाऊन आलो. बाजारात पाळणाघर कुठे म्हणून विचारत फिरलो. दोन सापडली, दोन्हीकडे वेगळ्याच बायका. म्हातारा माणूस पाळणाघराबाहेर घुटमळतोय म्हणून एकीने हटकलं. पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

मला तिची भीती वाटतेय. तिची म्हणजे ती नसण्याची. आमटीत मीठ किती घालतात ते मला माहीत नाही.

येताना बसमध्ये सुचलं. गाडी दर वेळी आसावरीच्याच दारात लागत होती. ते दार सांझी चाबीच्या यंत्रात आहे.

२ एप्रिल, बुधवार

सनई. मैत्री. हिंदीसाठी एक. मी निमूटपणे एक दाबला.

आधी अभिषेकशी बोलायचंय म्हटलं. तो निदान ओरडला तरी असता आणि ओरडता ओरडता सांगून गेला असता. उत्तर मिळालं, ते आता कंपनीत नाहीत, आपलीच तक्रार होती ना सर. मग फोन सौमित्रकडे दिला.

मी विनंती केली. हा शब्द कागदावर अनेकदा लिहिला, तोंडाने पहिल्यांदाच. म्हटलं, पिंजौरला गाडी कुठे लागायची तेवढा पत्ता द्या. फक्त गल्ली सांगा. त्याने शांतपणे सांगितलं की मेंबर आणि त्याच्या नोंदलेल्या कुटुंबीयांच्या फेऱ्यांची माहिती मेंबरला मिळू शकते. पण माझ्या सूचनेवरून दुसऱ्या चालकाचं नाव काढून टाकलंय आणि त्या फेऱ्या मी परक्या व्यक्तीच्या म्हणून जाहीर केल्या आहेत. परक्या बाईचा पत्ता कंपनी कुणालाही देत नाही.

"आप चाहें तो रिकॉर्डिंग सुन लीजिए."

त्याने लावली. आवाज माझाच होता, खुशीतला, मध्ये मध्ये हसणारा. 'मेरा कोई नहीं है उस गाडी में.' 'पक्का, सर?' 'पक्का. बंद करो.'

मी म्हटलं, "वो मेरी बीवी है."

"सर," सौमित्र म्हणाला, "ये आपने तब नहीं कहा था." मग त्याने विचारलं, शिकायत तर आपल्याच बाजूने निकाली निघाली आहे, आणखी काही सेवा करू का?